आमची वाटचाल: शिक्का सगळ्यात शेवटी

नाशिकच्या भांडी बाजारात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही आमचं आडनाव सांगितलं, की तो आधी माझ्या आजोबांचं नाव घेतो. बंब, घंगाळ, हंडा... घरात लग्न निघालं की तांब्याची भांडी आमच्याच दुकानातून जायची. प्रत्येक भांड्याच्या बुडाला आजोबांच्या नावाचा शिक्का असायचा. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला आणि बाजारात पाणी शिरलं, तरी वाहून गेलेली भांडी शिक्का बघून लोक परत आणून द्यायचे, असं आजी सांगायची.

शाळेत हजेरी घेताना बाई माझ्या नावाशी थांबायच्या. "त्यांची नात का गं?" अभिमान वाटायचा, आणि जीव गुदमरायचाही. माझं काही चांगलं झालं तर ते रक्तातलं, चुकलं तर घराण्याला बट्टा. मी नेमकी यात कुठं होते?

सातपूरच्या आयटीआयत टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर धातू कातण्याचा, ट्रेड केला. सहा वर्षं दुसऱ्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि 2012 साली अंबडला भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला. फर्मच्या नावात आडनाव घातलं नाही. बाबांना ते फार लागलं. "दारात आलेली लक्ष्मी लाथाडतेस," म्हणाले.

पण पहिली मोठी ऑर्डर आडनावावरच मिळाली. एका कंपनीतल्या खरेदीच्या साहेबांच्या घरी आजोबांचा बंब होता. मशीन कोणतं, मोजमापाची साधनं काय, काहीच न विचारता त्यांनी गनमेटलचे (तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे) 400 बुश, म्हणजे दांड्याभोवती बसणारी नळकांडी, बनवायला दिले. बोअर, म्हणजे आतलं भोक, 25 मिलिमीटर, एच7. म्हणजे 25 च्या खाली जराही नाही, आणि वर जास्तीत जास्त 21 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

बोअर मोठा झाला तर माल भंगार, लहान राहिला तर निदान रीमर फिरवून भोक वाढवता येतं. म्हणून मी मुद्दाम खालच्या बाजूला, पाच-सहा मायक्रॉनवर काम धरलं. प्रत्येक बुश मशीनवरून काढला की लगेच बोअर गेजनं मोजला. सगळे पास. तिकडं त्यांच्या तपासणीत मात्र प्लग गेजची 'गो' बाजू, जी बरोबर मापाच्या भोकात जायलाच हवी, ती आतच जाईना. लॉट परत.

कारण साधं होतं. मशीनवरून उतरलेला बुश हाताला चांगला कोमट लागायचा. मापं धरायची ती 20 अंशांवर. वीस अंशांच्या फरकात 25 मिलिमीटरचा गनमेटलचा बोअर जवळपास नऊ मायक्रॉननं आवळतो. आयटीआयत शिकले होते हे. घाईत विसरले.

बाबा म्हणाले, "मी साहेबांना शब्द टाकतो, घेतील सांभाळून." मी पाया पडून त्यांना थांबवलं. साहेबांना स्वतः भेटून चूक कबूल केली, पदरच्या खर्चानं तीन रात्री रीमिंग केलं, बिघडले ते 31 बुश नव्यानं बनवून दिले. त्या लॉटमध्ये एक रुपया सुटला नाही. पुढची ऑर्डर आली ती मात्र साहेबांकडून नाही, तपासणी विभागाच्या शिफारशीवर आली. ते पत्र मी जपून ठेवलंय.

आज संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं दोन आहेत, माणसं सात. गेल्या वर्षी बाबा पहिल्यांदा गाळ्यावर आले. बुश हातात फिरवत विचारलं, "यावर नाव कुठं असतं?" नाव नसतं, लॉट नंबर असतो, म्हटलं. बराच वेळ गप्प बसले. मग आजवर कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. आजोबा हंडा झाल्या झाल्या शिक्का मारत नसत. पाणी भरून रात्रभर राखेवर ठेवत. सकाळी बुडाखालची राख कोरडी असली तरच शिक्का, नाहीतर हंडा पुन्हा ठोक्याला.

आमच्याकडंही आता कुठलाच लॉट त्याच दिवशी मोजून पास होत नाही. एसीच्या छोट्या खोलीत, ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर तो रात्रभर निवतो. लॉट नंबर सकाळी पडतो.