नानांचा शक्तिमान आणि 24 व्होल्टचा घोळ

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी निंबाखालच्या शक्तिमान ट्रकवरची ताडपत्री ओढली, तर बोनेटखालून आधी मुंगूस पळालं. अकरा वर्षं ट्रक तिथंच उभा होता. नानांनी तो लष्कराच्या लिलावातून घेतला तेव्हा मी शाळेत होतो. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला बनलेला, चारही चाकांना जोर देणारा. आमच्या चोपड्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतून बसायचे, हा मात्र केळीचा माल घेऊन डुलत बाहेर यायचा.

इंजिनानं फार त्रास दिला नाही. टाकी धुतली, फिल्टर बदलले, पंपातली हवा काढली. तिसऱ्या दिवशी काळा धूर ओकत सुरू झालं. झालं, लगेच पारावरच्या मंडळींचा सल्ला सुरू: आता वायरिंग कशाला? जुनं डिझेल इंजिन एकदा पेटलं की त्याला वीज लागत नाही, उतारावर लावत जा, ढकललं की चालू! खोटं नाही. पण मला रात्री शेतातून घरी यायचं होतं.

वायरिंग उघडलं तर वायरींवरच्या वेष्टनाचा बोटांत भुगा होत होता. जिथं उंदरांनी खाल्लं तिथं कुणीतरी घरगुती वायर जोडून चिकटपट्टी गुंडाळलेली. मी कटर उचलला तसे मामा ओरडले, "थांब! आधी कागद आण." मामा वरणगावच्या आयुध निर्माणीत इलेक्ट्रिकलला होते, आता निवृत्त. प्रत्येक वायरला नंबरची चिठ्ठी लावायची, कुठून कुठं जाते ते वहीत लिहायचं, मगच काढायची. 63 चिठ्ठ्या झाल्या. दिवसा तापलेल्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून सगळं रात्री, बल्ब टांगून.

खरा घोळ बॅटऱ्यांचा. हा ट्रक 24 व्होल्टचा, म्हणजे 12 च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. तरी महिन्याभरात एकीचं पाणी आटायचं आणि दुसरी इतकी बसायची की इंजिन फिरवणारा सेल्फ नुसता टकटक करायचा. मी दुकानदाराशी भांडून एक बदलून आणली. तीही तशीच! मग मामांनी दोघींच्या जागा बदलायला लावल्या. दुखणं बॅटरीबरोबर गेलं नाही, जागेवरच राहिलं.

इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावला: दोन्ही मिळून 28, पण एकीवर 13 आणि दुसरीवर 15. वहीतली 41 नंबरची वायर बघितली तर ती दोन बॅटऱ्यांच्या मधल्या पट्टीवरून निघून टेपरेकॉर्डर आणि पंख्याला गेलेली. कुण्या मिस्तरीनं 12 व्होल्ट हवे म्हणून सोपी वाट काढली होती. मामा म्हणाले, "इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटर दोघींना सारखंच वाढतो रे. पण एकीच्या ताटातून तिसराच जेवून राहिला." ती कायम उपाशी, दुसरीचं पोट फुगलेलं. मधली वायर काढून टाकली, 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवला, दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण चार्ज केल्या. आता दोन्हींवर 14.

त्या दुकानदाराला मी उगाच वाटेल ते बोललो. नंतर केळीचा एक घड नेऊन दिला.

रंगावरून नाना रुसले. त्यांना तोच लष्करी हिरवा हवा होता, पण केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच चालतो. शेवटी विटकरी दिला. त्यात माझी चूक अशी की चेसिस चकाचक रंगवून अर्थिंगच्या, म्हणजे वीज चेसिसमधून परत नेणाऱ्या, वायरी रंगावरच आवळल्या. डावा इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे मिळून मिणमिण लुकलुकायचे, लग्नातल्या माळेसारखे. वीज परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बांतून घुसत होती. ग्राइंडरनं रंग घासून पत्रा उघडा केला, वायरींच्या टोकाचे थिंबल पक्के बसवले, वर ग्रीस. तो खेळ बंद.

शेवटची चिठ्ठी 63. ती मागच्या अ‍ॅक्सलकडच्या छोट्या दिव्याची. लष्करी ताफा अंधारात चालतो तेव्हा मोठे दिवे बंद असतात. मागच्या दोन चाकांच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला पांढरा रंग देऊन त्यावर एवढासा उजेड पाडतात, मागच्या ड्रायव्हरला तेवढा गोल दिसला की पुरे. मला तो नकोसा होता, उगाच एक वायर. नानांनी ऐकलं नाही. स्वतः खाली सरकून गोळ्यावर पांढरा हात मारला.

पोळ्याच्या आदल्या रात्री मी कॅबमधून स्विच दाबला. नाना मागं वीस पावलांवर, अंधारात, काठी टेकून उभे. बराच वेळ काहीच आवाज नाही. मी खिडकीतून डोकं काढलं.

"लागला रे भो," ते म्हणाले. "आते बंद करू नको. ऱ्हाऊ दे जराशी."