बर्कानची वही : पाच अंतिम लढती, आणि न झालेल्या सामन्यांचं करायचं काय?

मंडळी, मोरोक्कोतल्या बर्कान या फुटबॉल क्लबच्या तक्त्यांचं काम बरंच पुढे सरकलंय. आफ्रिकी स्पर्धांच्या अंतिम लढतींचं पान पूर्ण झालं, म्हणून आज मुख्यतः तेच मांडतो. देशांतर्गत लीगचं पान अजून अर्धवट आहे, त्यामुळे त्याबद्दल फार बोलणार नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. रेनेसाँ स्पोर्टिव्ह द बर्कान, स्थापना १९३८. अरबी पानांवर हाच क्लब ‘नहदत बर्कान’ म्हणून सापडतो, फ्रेंच पानांवर ‘आरएसबी’ म्हणून. दोन्ही नावांनी शोधलं नाही तर निम्मे सामने हाती लागत नाहीत. गाव मोरोक्कोच्या ईशान्य कोपऱ्यात, बेनी स्नासेनच्या डोंगरांच्या पायथ्याशी, अल्जीरियाच्या सीमेला जवळ. आजूबाजूला संत्र्यांच्या जातीतल्या क्लेमेंटाइनच्या बागाच बागा, आणि संघाचा रंगही नारिंगी. नागपूरकरांना लळा लागायला एवढं पुरे आहे! कासाब्लांकाच्या ‘विदाद’ आणि ‘राजा’ या बड्या क्लबांपुढे हा क्लब म्हणजे तालुक्याचं गाव. २०१२ मध्ये वरच्या श्रेणीत परतला, तेव्हा पुढच्या दशकात तो आफ्रिका गाजवेल असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. मोरोक्कोच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष फौजी लेकजा मूळचे इथलेच, आणि आधी याच क्लबचे अध्यक्ष होते. विरोधक हे दर वेळी ऐकवतात. ऐकवू देत. गोल त्यांनी मारलेले नाहीत.

आता वहीकडे. सुरुवातीलाच तीन नियम ठरवून टाकले. स्वतः बरोबरीत राहून पेनल्टी शूटआउटवर सुटलेला सामना वहीत बरोबरीचा, विजेता वेगळ्या रकान्यात. मैदान ‘घरचं’ की ‘त्रयस्थ’ हे स्पर्धेच्या कागदावरून नाही, प्रत्यक्ष गावावरून ठरवायचं. आणि चेंडूला पायच लागला नसेल, तर तो सामना झाला असं धरायचं नाही.

या नियमांनी कॉन्फेडरेशन कपच्या (आफ्रिकेतली चॅम्पियन्स लीगखालोखालची क्लब स्पर्धा) अंतिम लढती मांडल्या तर अशा दिसतात.

२०१९, इजिप्तचा झमालेक. बर्कानच्या घरच्या मैदानावर भरपाई वेळेत टोगोच्या कोजो फो-दो लाबाने गोल केला, १-०. आठवड्याने अलेक्झांड्रियाजवळच्या बोर्ग अल अरबला ०-१, आणि शूटआउटमध्ये झमालेक ५-३.

२०२०, इजिप्तचाच पिरॅमिड्स. करोनामुळे उपांत्य फेरीपासून सगळं मोरोक्कोतच उरकलं. ऑक्टोबरमध्ये रबातला अंतिम सामना, बुर्किना फासोचा बचावपटू इसुफू दायोचा एकमेव गोल, १-०. प्रशिक्षक तारिक सेक्तिवी. क्लबचा पहिला आफ्रिकी करंडक. रबात हे बर्कान नव्हे, म्हणून ‘घरचं’ लिहिलेलं नाही. पण ‘त्रयस्थ’ लिहितानाही हात अडखळतो, सामना त्यांच्याच देशाच्या राजधानीत झाला होता. ‘देशात’ असा तिसरा शेरा घातलाय.

२०२२, नायजेरियातल्या उयोमध्ये दक्षिण आफ्रिकेचा ऑर्लँडो पायरेट्स. ९० मिनिटं कोरी. जादा वेळेत युसुफ अल फहलीने पेनल्टीवर गोल केला आणि तीन मिनिटं उरली असताना थेंबिन्कोसी लॉर्चने बरोबरी साधली. शूटआउट ५-४, करंडक दुसऱ्यांदा बर्कानला. प्रशिक्षक होते काँगोचे फ्लोराँ इबेंगे.

२०२४, पुन्हा झमालेक. घरी २-१, कैरोत ०-१. बेरीज २-२, पण सैफेद्दीन जझिरीने बर्कानला मारलेला गोल परक्या मैदानावरचा, आणि बेरीज बरोबरीत सुटली की असे गोल जास्त असलेला संघ जिंकतो, त्यामुळे करंडक झमालेकला.

२०२५, टांझानियाचा सिम्बा. घरी पहिल्या पंधरा मिनिटांतच कामारा आणि लमलावी यांचे गोल, २-०. परतीचा सामना झांझिबारला. सिम्बाने आघाडी घेतली, आणि भरपाई वेळेत सुमैला सिदिबेने १-१ केलं. बेरीज ३-१, तिसरा करंडक. या वेळचे प्रशिक्षक ट्युनिशियाचे मुईन शाबानी, ज्यांनी त्याआधी त्यांच्याच देशातल्या एस्पेरान्स क्लबला दोनदा आफ्रिकी चॅम्पियन्स लीग जिंकून दिली होती.

पाच लढती, आठ सामने : ४ विजय, २ बरोबऱ्या, २ पराभव, गोल ८-५. बर्कानमध्ये तीन खेळले, तिन्ही जिंकले. परतीचे तीन परक्या मैदानांवर, एकही विजय नाही.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते बघा. पाच अंतिम लढतींत गोलांच्या बेरजेवर बर्कान एकदाही हरलेलं नाही. झमालेकने दोन्ही करंडक नेले, पण एक शूटआउटवर आणि दुसरा परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमावर. एरवी ‘५ अंतिम लढती, ३ करंडक, २ उपविजेते’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यात हे कुठेच दिसत नाही. तीन करंडकांचा विक्रम २०२५ च्या स्पर्धेअखेर बर्कान आणि ट्युनिशियाचा सीएस सफाक्सियां यांचा मिळून होता (त्यांची वर्षं २००७, २००८, २०१३). पण सफाक्स हे देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर आहे, हे विसरू नका.

शूटआउटचा वेगळा रकाना ठेवल्याचा फायदा देशांतर्गत थ्रोन कपमध्येही झाला. २०१८ ची अंतिम लढत विदाद फेसविरुद्ध, शूटआउटवर जिंकली. २०२२ ची कासाब्लांकाच्या विदादविरुद्ध, तीही शूटआउटवर. जून २०२५ ची ऑलिंपिक सफीविरुद्ध, शूटआउटवर हरली. म्हणजे माझ्या वहीत थ्रोन कपच्या या तिन्ही अंतिम लढती बरोबरीच्या! आफ्रिकी लढती धरून अंतिम सामन्यांत पाच शूटआउट झाले, तीन जिंकले, दोन गमावले.

थ्रोन कपने वर्षाच्या रकान्यात मात्र छळलं. करोनानंतर ही स्पर्धा इतकी मागे पडली की जुलै २०२२ चा अंतिम सामना २०२०-२१ च्या स्पर्धेचा, आणि जून २०२५ चा २०२३-२४ च्या. आता २०२४-२५ चा हंगाम आठवा : बर्कानने इतिहासात पहिल्यांदा लीग जिंकली, कॉन्फेडरेशन कप जिंकला, आणि पाच आठवड्यांनी थ्रोन कप शूटआउटवर हातचा गेला. तिहेरी यश एका पेनल्टीच्या अंतरावर होतं, पण स्पर्धेच्या वर्षानुसार नोंद केली तर ते कागदावर उरतच नाही. म्हणून आता ‘स्पर्धेचं वर्ष’ आणि ‘सामन्याची तारीख’ असे दोन रकाने, आणि क्रमवारी नेहमी तारखेने. जुने तक्तेही असेच बदलून घेतोय.

सुपर कपचं (आफ्रिकी चॅम्पियन्स लीग आणि कॉन्फेडरेशन कपच्या विजेत्यांमधली लढत) पान छोटं आहे. २०२१ ला दोहात इजिप्तच्या अल अहलीकडून ०-२, सप्टेंबर २०२२ ला रबातमध्ये विदादवर २-०, ऑक्टोबर २०२५ ला कैरोत पिरॅमिड्सकडून ०-१. मधल्या विजयाचे प्रशिक्षक अब्देलहक बेनशिखा, म्हणजे अल्जीरियन. पुढच्याच वर्षी त्यांनी अल्जीयर्सच्या यूएसएमएला कॉन्फेडरेशन कप जिंकून दिला.

आणि त्याच यूएसएमएपाशी माझी वही अडली आहे.

एप्रिल २०२४, उपांत्य फेरी. बर्कानच्या जर्सीवर मोरोक्कोचा नकाशा, त्यात वादग्रस्त पश्चिम सहाराही मोरोक्कोतच दाखवलेला. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यातली सीमा १९९४ पासून बंद, राजनैतिक संबंध २०२१ पासून तुटलेले. अल्जीयर्सच्या विमानतळावर कस्टम्सने जर्सी जप्त केल्या. आफ्रिकी महासंघ म्हणाला, याच जर्सीत खेळा. यजमानांनी त्या दिल्या नाहीत, आणि दुसऱ्या जर्सीत खेळायला बर्कान तयार होईना. सामना झालाच नाही, निकाल ३-० बर्कानला बहाल. परतीच्या सामन्यासाठी यूएसएमए बर्कानला आलं, पण त्या जर्सीसमोर मैदानात उतरलं नाही. पुन्हा ३-०. गतविजेते बाहेर, बर्कान अंतिम फेरीत.

दुसऱ्या सामन्याच्या रात्री मी साडेबाराचा गजर लावून बसलो होतो, कारण तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेबारा. झोप गेली आणि नोंदवायला काहीच हाती आलं नाही.

अनेक संकेतस्थळं हे ६-० बर्कानच्या एकूण गोलांत धरतात. मी धरलेले नाहीत. कुणी मारले ते गोल? गोल करणाऱ्यांच्या रकान्यात काय लिहू, समितीचं नाव? सामन्यांची संख्या, गोल, ‘क्लीन शीट’ (एकही गोल न खाल्लेले सामने) या सगळ्यांतून हे दोन वगळलेत. पण ‘फेरी पार केली’ या रकान्यात बर्कानच आहे, कारण ती त्यांनी अधिकृतपणे पार केली. त्यामुळे माझे आकडे इतरांपेक्षा दोन सामने आणि सहा गोलांनी कमी दिसतील. तुलना करताना एवढं लक्षात ठेवा.

पुढचं काम : १९८७ आणि २०१४ च्या गमावलेल्या थ्रोन कप अंतिम लढतींचे संघ लावणं, मग लीगच्या विजेतेपदाचा हंगाम फेरीनिहाय भरणं. दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय कोणताही आकडा आत घेत नाही, त्यामुळे वेळ लागेल. तोवर एकच विचारायचं होतं. बहाल केलेले निकाल तुम्ही तुमच्या तक्त्यात कसे दाखवता? मी सध्या ओळ करड्या रंगात ठेवून गोलांचे रकाने रिकामे सोडलेत, पण एक्सेल रिकाम्या घराला बेरजेत मुकाट्याने शून्य धरतं आणि माझी सरासरीची सूत्रं चुकतात. कुणाकडे याहून बरी पद्धत असेल तर कळवा.