गुलाबाच्या फळांचा वाफा: जून ते फेब्रुवारीच्या नोंदी

जागा दक्षिण इंग्लंडमधली, माती चिकण. वाफ्यात रोझा रुगोझा, रोझा मोयेसीची 'जेरेनियम' ही निवड, रोझा ग्लाउका, रोझा कॅनिना आणि रोझा व्हर्जिनियाना. झुडपांत दीड ते दोन मीटर अंतर.

जून-जुलै
हिवाळ्यातला रंग याच दोन महिन्यांत ठरतो. पुण्या-नाशकाकडे हाताला वळण लागलेलं असतं, फूल सुकलं की खुडायचं. इथे तेच नडतं. पाकळ्यांखालचा हिरवा फुगवटा हेच पुढचं फळ, म्हणून पहिल्या फुलापासून कात्री खिशातच. एकेरी, पाच पाकळ्यांची फुलं हमखास धरतात. भरगच्च फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, शिवाय मधमाशीला आत शिरायला वाट नसते. तिथे फळांची आशा धरू नये. नत्राचं खत जुलैनंतर बंद. फांद्या लुसलुशीत वाढतात आणि थंडीत करपतात.

सप्टेंबर
रुगोझाची फळं सर्वात आधी रंगली. दोन-अडीच सेंटिमीटरची, चपटी, थेट चेरी टोमॅटोसारखी. काहींवर खोलगट तपकिरी डाग. चिरल्यावर आत पांढरी अळी. ही फळमाशी (ऱ्हागोलेटिस अल्टरनाटा). अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून डागी फळं गळायच्या आत तोडून कचऱ्यात टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. फवारणीची गरज नाही, झाडाला काही होत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर
'जेरेनियम'चे दिवस. लांबट सुरईसारखी, शेंदरी-लाल फळं, टोकाला निदलांचा झुबका. ही निवड 1938 साली रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या विझली इथल्या बागेत झाली आणि अजून तिच्या तोडीची क्वचितच सापडते. पण झुडूप अडीच मीटरपर्यंत जातं आणि खालून उघडं पडतं, त्यामुळे पुढे ग्लाउका. तिची लहान, तांबूस-तपकिरी फळं एकटी पाहिली तर फिकी, घोसात मात्र शोभतात.

डिसेंबर
कडक गोठण पडून वितळलं की रुगोझाची मऊ फळं काळपट लगदा होऊन लोंबतात. हा रोग नव्हे. गर जास्त, साल पातळ, इतकंच. दिसायला वाईट, म्हणून ही जात खिडकीसमोर लावू नये. कॅनिना टिकते, व्हर्जिनियाना त्याहून जास्त. तिची वाटोळी लहान फळं पानगळीनंतर लाल फांद्यांवर चिकटून राहतात. फक्त हिवाळ्यासाठी एकच झुडूप लावायचं असेल तर हेच.

जागेचं गणित इथे कळतं. डिसेंबरअखेर लंडनच्या अक्षांशावर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर असतो. झुडूप पाहणारा आणि सूर्य यांच्या मध्ये आलं, तर फळं मागून उजळून दिव्यासारखी दिसतात. उजेड पाहणाऱ्याच्या पाठीमागून येत असेल तर मात्र झुडपामागे यू या सदाहरित झाडाचं गडद कुंपण हवं. उघड्या आकाशासमोर लाल रंग काळाच वाटतो.

फुलदाणीसाठी फांद्या फळं टणक असतानाच कापाव्यात. वाळवायला लहान फळांच्याच. मोठी आतून कुजतात.

जानेवारी
काळे कस्तुर आणि फिल्डफेअर हे पक्षी आले की चार-पाच दिवसांत फांदी मोकळी. जाळी घालू नये, तिने बागेची शोभाच जाते.

फेब्रुवारी
छाटणी आता, पक्ष्यांचं आटोपल्यावर. वर्षातून एकदाच फुलणाऱ्या जाती (रुगोझा सोडून बाकी चारही) जुन्या लाकडावर फुलतात. सरसकट निम्म्यावर छाटलं की त्या वर्षी ना फूल ना फळ. म्हणून चारांतली एक, सर्वात जाड व जुनी फांदी बुडातून काढायची, बाकीच्यांना हात नाही. ग्लाउका पानांसाठी खोल छाटतात, त्या वर्षी तिची फळं सोडून द्यावी लागतात.

बियांसाठी राखलेली फळं फोडताना हातमोजे घालावेत. आतली बारीक लव खाजकुयलीची धाकटी बहीण आहे, आणि ती कॉलरच्या आत गेली तर अंघोळीशिवाय सुटका नाही.