वाफसा

मामा बांधावरून खाली उतरतात, वीतभर खोल हात घालून मूठभर माती काढतात, दाबून तिचा लाडू वळतात आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून देतात. लाडू पडून फुटला तर वाफसा झाला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरण्याजोगी. फुटला नाही, नुसता बसका झाला, तर औत तसंच ठेवायचं आणि घरी येऊन चहा प्यायचा. लहानपणी सुट्टीत हा लाडू मीही वळायचो, पण तो पेरणीपुरता असतो अशी माझी समजूत होती. सायकलीलाही वाफसा लागतो हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं, आणि ते कळायला एक हँगर मोडावा लागला.

हँगरचं सांगतो, पण आधी सायकल. माझी माउंटन बाइक आहे. २९ इंची चाकं, पुढे शॉक, मागे नाही, वजन १४ किलो. पुण्याचे मित्र दरवेळी विचारतात, "तुमच्या मराठवाड्यात माउंटन कुठाय?" त्यांना मी साताऱ्याचा डोंगर सांगतो (आमचा सातारा, संभाजीनगरचा, खंडोबाचा; त्यांचा नव्हे), लेण्यांकडची टेकडी सांगतो, गोगाबाबा सांगतो. आणि रविवार मोकळा असेल तर म्हैसमाळ. शहर समुद्रसपाटीपासून ५६८ मीटरवर, म्हैसमाळ हजाराच्या वर. दौलताबादचा घाट चढायचा, कागजीपुरा मागे टाकायचं, खुलताबादला पोहे खायचे. पुढे चढावर दूरदर्शनचा मनोरा दिसायला लागतो आणि बराच वेळ नुसता दिसतच राहतो, जवळ म्हणून येत नाही.

पण चढ कसाही असला तरी दमवतो आणि संपतो. माती दमवते आणि वर सोबत घरी येते.

आमच्याकडे माळावर मुरूम आणि खाली काळी. दोन्ही एकाच घरचे. साडेसहा कोटी वर्षांमागे इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले, त्याचा हा काळा दगड. तो अर्धामुर्धा झिजला की मुरूम, पुरता झिजून सखल भागात साचला की काळी. स्वभाव मात्र सख्ख्या भावंडांचे असतात तसे, एकमेकांच्या उलटे. मुरमावर पाऊस पडला तर पाणी खाली निघून जातं, दोन तासांनी खुशाल सायकल घाला, टायर करकर वाजत पुढे जातो. काळी पाणी पिते, फुगते आणि धरून ठेवते. कुणी तिच्यावर पाय ठेवला तर त्यालाही धरून ठेवते.

त्या जुलैत मी फुलंब्रीच्या पुढे मामांकडे निघालो होतो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन. डांबरी रस्त्याने गेलो असतो तर तासाभरात पोचलो असतो. पण माउंटन बाइक असल्यावर डांबरीने का जायचं, असा एक माज असतो. पाणंदीने दोन किलोमीटर वाचतात म्हणून आत घुसलो. पहिले शंभर मीटर सायकल जरा जड वाटली. पुढच्या शंभरात टायरवरचे गुट्टे दिसेनासे झाले, मग टायरच दिसेनासा झाला आणि फ्रेममध्ये दोन बोटांची फट होती तिथे मातीची वीट बसली. चाक फिरायचं थांबलं. मी उतरलो, काठीने माती काढली, चार पावलं ढकलली, पुन्हा वीट. शेवटी खांद्यावर घ्यावी म्हटलं तर १४ किलोची सायकल पंचवीसच्या वर गेली असावी आणि माझ्या बुटांचे तळवेही प्रत्येकी दोन किलोचे झाले होते. तरी शहाणपण येईना. एक चढ होता, तेवढा मारू म्हणून सीटवर बसून जोर लावला. साखळीत माती, गिअरमध्ये माती, वर वाळलेल्या गवताच्या काड्या. कट्ट असा आवाज आला आणि मागचा गिअर आरांमध्ये जाऊन बसला.

तर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या बोटभर धातूच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो. मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे घात झाला तर तो मोडावा आणि फ्रेम वाचावी. कल्पना चांगली आहे. तिच्यात खोट एवढीच की जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा. शहरातल्या एका दुकानदाराने "हाच बसतो" म्हणून छातीठोकपणे दिला, तो बसला नाही. मुंबईहून मागवलेला यायला बारा दिवस लागले. तेव्हापासून एक जास्तीचा हँगर मी सीटखालच्या पिशवीत ठेवतो. आई म्हणते, माणसं खिशात देवाचा अंगारा ठेवतात तसा.

मामांनी मला लांबूनच पाहिलं होतं. मदतीला आले नाहीत, बांधावर उभे राहिले. मी सायकल खांद्यावर घेऊन जवळ आल्यावर विचारलं, "काय करू राहिला रे?"

"सायकल चालवतोय मामा."

"सायकल तर तुझ्या खांद्यावर दिसू राहिली." मग खाली वाकून मातीचा लाडू केला, सोडला. चपटा झाला. "वाफसा पाहिला नाही का?"

त्यांनी कोपीतून खुरपं आणून दिलं. सायकलची माती काढायला मी नंतर बरेच ब्रश विकत घेतले, एक तर परदेशी बनावटीचा, तीन बाजूंनी केस असलेला. खुरप्याची सर कशालाच नाही. टायर आणि फ्रेमच्या मधे ते असं शिरतं की कुणी त्याच कामासाठी घडवलं असावं. मामांनी स्वतःच्या जुन्या काळ्या सायकलीचे मडगार्ड पावसाळा लागला की काढून माळ्यावर टाकायची रीत सांगितली. दिवाळीला पुन्हा लावायचे. मडगार्ड असले की माती आत अडकते, चाक जाम होतं. हे ज्ञान मला इंटरनेटवर 'मड क्लिअरन्स' या नावाने इंग्रजीत वाचायला मिळालं होतं, पण खांद्यावर सायकल नसताना वाचलं होतं.

माउंटन बाइकवाल्यांच्या बोलीत 'हिरो डर्ट' असा एक शब्द आहे. पाऊस पडून गेलाय, वरचं पाणी ओसरलंय, धूळ बसलीय, चिखल उरलेला नाही, टायर जमिनीला गच्च धरतो आणि साधासुधा माणूस वळणावर हिरोसारखा झुकतो, ती माती. हा खेळ रुजला कॅलिफोर्नियात. तिथल्या मरीन काउंटीतल्या एका डोंगरावरून १९७६ पासून जुन्या सायकलींवर उतरण्याची शर्यत लागायची, तिचं नाव 'रिपॅक', कारण उतार संपेपर्यंत मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यांचा उन्हाळा कोरडा ठाक, रस्ते फुफाट्याचे. अशा ठिकाणी दोन दिवस ओलसर माती मिळाली तर तिला हिरो म्हणणारच. आमच्याकडे त्या मातीला आधीपासून नाव होतं. फक्त ते सायकलीवर बसून कुणी उच्चारलं नव्हतं. आता आमच्या चौघांच्या ग्रुपवर शनिवारी रात्री एकच शब्द पडतो, "वाफसा?" आणि ज्याचं घर डोंगराच्या सगळ्यात जवळ, तो सकाळी लाडू टाकून त्याचा फोटो पाठवतो.

यात एक अवघड जागा आहे. वाफसा येण्यासाठी पाऊस थांबावा लागतो, आणि मराठवाड्यात पाऊस थांबावा असं तोंडाने म्हणता येत नाही. आर्द्रा कोरड्या गेल्या, पुष्यावर भिस्त होती तीही गेली, मामा रोज संध्याकाळी पश्चिमेकडे बघतात, आणि इकडे रविवारी उघडीप मिळावी म्हणून मी मनातल्या मनात कुणाला तरी विनवतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागातला माणूस उघडीप मागतो म्हणजे काय? फार झालं तर मी असं मागतो की सोमवार ते शुक्रवार पडू दे. कचेरीत बसून पाऊस बघायला माझी काहीच हरकत नाही.

पाण्याचा प्रश्न सायकल धुतानाही येतो. व्हिडिओत दाखवतात तसा पाइप लावून फवारा मारायची सोय आमच्या गल्लीत नाही. नळाला पाणी रोज येत नाही. आलेल्या दिवशी सायकलवर फवारा मारताना शेजारच्या काकूंनी पाहिलं तर पुढचा गणपती मला मंडळाबाहेर काढावा लागेल. म्हणून माझी रीत वेगळी. माती तशीच राहू द्यायची. दुसऱ्या दिवशी ती वाळून तडकते, मग खुरप्याने ढलप्या काढायच्या, उरलेलं जुन्या टूथब्रशने, आणि शेवटी अर्धी बादली पाणी व फडकं. ते अर्ध्या बादलीचं पाणी कढीलिंबाला. पुढे कळलं की जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं, म्हणजे माझी हबं काकूंच्या धाकामुळे टिकली.

साखळीचं मात्र दोन ऋतूंत दोन तऱ्हांनी करावं लागतं. पावसाळ्यात घट्ट तेल, कारण पातळ धुऊन जातं. तेच घट्ट तेल उन्हाळ्यात ठेवलं तर फुफाटा त्याला चिकटतो आणि साखळीत पॉलिशपेपर घातल्यासारखं होतं, दाते झिजतात. म्हणून दिवाळीनंतर मेणाचं. ते बाटलीतून पांढरं येतं, वाळलं की हाताला लागत नाही. तेल कुठलंही असो, घातल्यावर पुसायचं. हे मला कुणी सांगितलं नाही, पांढऱ्या पायमोज्यांनी सांगितलं.

हस्ताचा पाऊस झाला की माती उत्तम असते आणि बांधावर सराटे पिकलेले असतात. सराटा असा घडलेला आहे की कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर. टायरात ट्यूब ठेवून ऑक्टोबरात फिरणं म्हणजे पंक्चरवाल्याच्या पोराच्या शिक्षणाला हातभार लावणं. मी ट्यूबा काढून टायरात सीलंट ओतलं. पातळ रबरी चिकासारखं असतं, काटा घुसला की त्या भोकाशी धावतं आणि घट्ट होतं. पहिल्याच फेरीत पुढच्या टायरातून सात सराटे काढले आणि सातही ठिकाणी फुस्स होऊन हवा थांबली. एवढा आनंद मला पगारवाढीचा झाला नव्हता. वेड्या बाभळीचा काटा मात्र बोटाएवढा, त्याच्यापुढे चीक कधी कधी हात टेकतो. आणि मे महिन्यात पारा ४१-४२ वर गेला की टायर उघडून बघावा. आतलं दूध आटून साय उरलेली असते. बाटलीवर 'दर काही महिन्यांनी बदला' लिहिलेलं असतं. ते लिहिणारा आमच्या गच्चीवरच्या पत्र्याखाली राहिलेला नाही.

मेमध्ये काळीत जायचं ते वेगळ्या कारणाने जपून. जमीन आकसून अशा भेगा पडतात की सव्वादोन इंची टायर अलगद आत बसतो. वरचे ढेकळं, भुगा त्या भेगांत पडत राहतो, पुढे पावसात माती फुगते, वरची खाली, खालची वर. म्हणून म्हणतात काळी स्वतःला स्वतःच नांगरते. माझं पुढचं चाक एकदा त्या नांगरटीत गेलं. मी हँडलवरून पुढे गेलो. काही मोडलं नाही, पण जुलैतल्या त्या पाणंदीवर माझ्या टायरची गुट्ट्यागुट्ट्यांची नक्षी मेपर्यंत विटेसारखी भाजून राहिलेली तेव्हा तोंडाजवळून बघितली. दहा महिने लोक तिच्यावरून ठेचकाळत होते. ओल्या वाटेवर चाकं घालू नयेत, असा नियम जगभरचे सायकलवाले एकमेकांना सांगतात तो यासाठी.

यंदा जूनमध्ये चांगला पाऊस झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सांगावा दरवर्षीचा, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरणीची घाई नको. मामा त्यात स्वतःचा लाडू मिळवतात. शनिवारी रात्री त्यांचाच फोन. "भाच्या, वाफसा झाला. ये उद्या."

मला भरून आलं. मामांनी माझा छंद मनावर घेतला म्हणायचा. रात्री साखळीला तेल दिलं, टायरची हवा थोडी कमी केली, म्हणजे पकड चांगली मिळते, आणि पहाटे पाचला निघालो. पाणंदीशी थांबून मूठभर माती घेतली, लाडू सोडला. फुटला. दोन किलोमीटर अशी सायकल चालली की काय सांगू. वळणावर टायर सरकला नाही, ब्रेक दाबला तिथे थांबला, आणि शेवटच्या चढावर मी उभा राहून पेडल मारत वर आलो तेव्हा मामा बांधावर उभे होते. हातात सरकीचं पाकीट.

"बरं झालं लवकर आला," ते म्हणाले. "सगळ्या गावाचा वाफसा आजच झाला. एक बाई मिळू नाही राहिली टोबायला."

मामींनी ओच्यात सरकी घालून द्यायची म्हटली, पण सायकलच्या तंग चड्डीला ओचा कुठला. शेवटी हेल्मेट उलटं धरलं, त्यात सरकी घेतली आणि काकरीला लागलो. दोन पेरं खोल, एका जागी दोन दाणे, वरून माती लोटायची, पुढे सरकायचं. म्हैसमाळ चढताना दुखतात त्या सोडून भलत्याच शिरा दुखायला लागल्या. दुपारी लिंबाखाली भाकरी, ठेचा, कांदा. पुन्हा काकरी.

दिवस कलला तेव्हा दीड एकर झालं होतं. सायकल लिंबाच्या बुंध्याला टेकून उभी होती आणि तिच्या हँडलवर मामींनी भाकरीचं फडकं धुऊन वाळत घातलं होतं.