सड्यावरच्या जुन्या चिरेखाणी वरून कशा ओळखायच्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारांवर, चालताना जुनी चिरेखाण (बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढलेली जागा) बाजूला असली तरी कळत नाही. करवंदीच्या जाळ्या, कमरेएवढं गवत, अर्धा बुजलेला खड्डा, आणि आपण तसेच पुढे जातो. तोच सडा गूगल अर्थवर उघडून बघितला की मात्र काटकोन दिसायला लागतात. मला याचं वेड लागलंय आणि आमच्या राजापूर भागातले सडे मी असे बारकाईने बघत असतो, तर जे कळलंय ते लिहून ठेवतो.

पहिली खूण कडांची. सड्यावरची नैसर्गिक डबकी गोलसर, वेडीवाकडी असतात. चिरा काढलेली जागा सरळ रेषेत तुटलेली असते आणि थर एकाखाली एक काढत गेल्यामुळे कडेला पायऱ्या राहतात. हाताने टिकावाने खणलेल्या खाणी उथळ, लहान, कडा जरा वाकड्या, शेजारी फुटक्या चिऱ्यांचा आणि चुऱ्याचा ढीग. मशीनची खाण एकदम वेगळी, खोल, भिंती उभ्या आणि तळाला ब्लेडच्या समांतर रेघा, ती ओळखायला काहीच कष्ट नाहीत.

दुसरी खूण रंगाची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात कामाची. ताजा कापलेला जांभा तांबडा-केशरी दिसतो, मग ऊन-पाऊस खाऊन आणि वर शेवाळ धरून काळपट होत जातो. त्यामुळे चालू खाण आकाशातून लालभडक दिसते आणि जुनी आजूबाजूच्या कातळात रंगाने पूर्ण मिसळून गेलेली असते, फक्त आकार शिल्लक. काटकोन आहे पण लाली नाही, असं दिसलं की मी थांबून झूम करतो.

महिना कुठला ते पण महत्त्वाचं. पावसाळ्यात ढगांमुळे फोटो मिळत नाहीत, मे मध्ये सगळंच करपलेलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरची इमेज मिळाली तर सड्यावरचं गवत पिवळं पडलेलं असतं पण बुजलेल्या खाणीत माती खोल असल्याने ओल टिकते आणि तिथे हिरवा चौकोन उठून दिसतो. गूगल अर्थच्या डेस्कटॉप व्हर्जनमध्ये जुन्या तारखांच्या इमेजेस मागे सरकवून बघता येतात, एकाच जागेच्या सगळ्या तारखा बघायच्याच, एकीवर विसंबू नका.

गोंधळ कुठे होतो? शेततळ्यात, पण त्याला चारी बाजूंनी बांध असतो आणि बऱ्याचदा प्लास्टिकचा कागद. हापूसच्या कलमांसाठी कातळात फोडलेले खड्डे असतात पण ते साधारण 10-10 मीटरवर ओळीने ठिपके ठिपके दिसतात. आणि कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं. ती काही इंच खोल कोरलेली असतात, सॅटेलाइटवर सहसा दिसत नाहीत, पण कशेळीच्या हत्तीसारखी 18 मीटर लांब शिल्पं आपल्याच सड्यांवर आहेत, तेव्हा संशयास्पद चौकट दिसली की खाण म्हणून मोकळं होऊ नये, जाऊन बघावं. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत आणि खाणी त्याच दगडात, कधी कधी अगदी जवळ निघतात.

खाण मशीन यायच्या आधीची आहे का हे बघायला अमेरिकेचे कोरोना हेरगिरी उपग्रहांचे फोटो आहेत, 1960 ते 1972 मधले, 1995 ला खुले झाले. ब्लॅक अँड व्हाइट आहेत, नंतरच्या कॅमेऱ्यांचं रेझोल्युशन साधारण 2 मीटर, म्हणजे बारकी खाण नाही दिसणार पण मोठी दिसते आणि मुख्य म्हणजे खाणीकडे जाणारी गाडीवाट दिसते. गावातल्या एका आजोबांनी मला हेच सांगितलं होतं की खड्डा कशाला शोधतोस, बैलगाडी कुठून जायची ते बघ, वाट संपते तिथे खाण. अगदी खरं आहे ते.

ड्रोन असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलच्या नकाशावर ग्रीन झोन तपासा, तिथे 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. हिवाळ्यात सकाळी लवकर उडवा, तिरप्या उन्हात अर्ध्या फुटाची पायरीसुद्धा सावली टाकते. फोटो 70-80 टक्के ओव्हरलॅपने घेतले तर त्यातून उंचीचं मॉडेल बनतं, मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उजेडाची दिशा बदलून बघायचं, जी कड एका दिशेने लपते ती दुसऱ्या दिशेने उघडी पडते.

हे सगळं आत्ताच करायला हवं असं मला कळकळीने वाटतं कारण जुन्या खाणी भराभर चालल्यात. माती भरून कलमं लावतात, डेब्रिज टाकतात, नाहीतर शेजारची नवी खाण वाढत येऊन जुनी गिळून टाकते. गावातली जुनी घरं, देवळाची जोती, विहिरी, गडगे (दगडी कुंपणं) यांचा दगड कुठून आला याचा कागद बहुतेक गावांत नाही, जो पुरावा आहे तो या खड्ड्यांचाच. शिवाय पावसात या खाणी तुडुंब भरतात, कडेला कुंपण नसतं, गुरं आणि पोरं तिथेच फिरतात, त्यामुळे कुठे किती खोल आहे हे गावाला माहीत असणं सुरक्षेसाठी पण गरजेचं आहे.

मी प्रत्येक खाणीचा पिन, अंदाजे लांबी-रुंदी, पाणी कधीपर्यंत राहतं आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं नाव असं केएमएल फाइलमध्ये (गूगल अर्थमध्ये उघडते ती) टाकतोय, फाइल ग्रामपंचायतीला देणार आहे. तुमच्या गावच्या सड्यावर असं काही दिसलं तर पिन टाकून ठेवा, आणि नाव विचारायला उशीर करू नका.