तुम्ही विचारलंत म्हणून: एटीव्ही घरी दुरुस्त होते का?

आमच्या अलिबागजवळच्या नागावच्या वाडीत कोणीही आलं आणि पडवीतली छोटी एटीव्ही (वाळूत, खडबडीत वाटेवर चालणारी, हँडलवाली चारचाकी) पाहिली, की चहा संपायच्या आत प्रश्न येतोच. "काका, ही बिघडली की कुठे नेता? घरच्या घरी होतं का?" विचारणारे बरेचसे अशी एखादी घ्यायच्या विचारात असतात. कोणाचं मुरुडकडे फार्महाऊस असतं, कोणाला होमस्टेच्या पाहुण्यांसाठी हवी असते, कोणाच्या मुलाने हट्ट धरलेला असतो. उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितो.

होते. ११० सीसीचं साधं, कार्बोरेटरवालं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर) मशीन असेल तर नव्वद टक्के कामं घरच्या अंगणात होतात. इंजिनाला घाबरू नका. घाबरायचं ते खाऱ्या पाण्याला आणि वाळूला.

इंजिनाचं आधी सांगतो, कारण लोकांना धास्ती त्याचीच असते. या स्वस्त मशीनमध्ये बहुतेक वेळा आडव्या सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं फोर-स्ट्रोक इंजिन असतं. होंडाने १९५८ साली सुपर कब काढली, तिच्याच घराण्यातलं हे इंजिन. आपल्याकडे १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे स्प्लेंडर आली, तीही याच कुळातली. त्यामुळे ज्या मिस्त्रीने आयुष्यभर स्प्लेंडरी उघडल्या, त्याच्यासमोर एटीव्हीचं इंजिन ठेवलं तर त्याला नवं काही शिकावं लागत नाही. पिस्टन, व्हॉल्व्ह सरसकट अदलाबदल होत नाहीत, पण रचना ओळखीची. गावोगावी ज्याचा जाणकार मिळतो असं इंजिन हाताशी असणं, ही मोठीच सोय आहे.

आता "चालू होत नाही" ही तक्रार. मला फोन आला की मी आधी विचारतो, ब्रेक दाबून बटण मारलं का? बहुतेक मशीनला ब्रेकचा लिव्हर दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. मागे लाल दोरीचा किल-स्विच (दोरी ओढली की इंजिन बंद करणारा) असतो, तो ओढला गेलेला असतो. एवढ्यावर निम्मे फोन मिटतात. तरीही नाही झाली, तर प्लग काढून टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवायचं आणि सेल्फ मारायचा. निळी, ठसठशीत ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे, पेट्रोलकडे वळा. (सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, आणि प्लगच्या भोकाजवळ ठिणगी नको.) प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी.

पेट्रोलकडे वळलात की दहातल्या आठ वेळा दोष कार्बोरेटरचा निघतो. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात हवेतच पाणी असतं. मशीन महिना-दोन महिने उभं राहिलं की फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरच्या खालची पेट्रोल साचणारी वाटी) तळाला पांढरट-हिरवट खर साचते, पितळेला कळंक चढतो. वाटीचे स्क्रू काढा, आत मधोमध मोठा जेट (पेट्रोल जाणारी पितळेची भोकाची नळी) आणि त्याच्या शेजारी बारीक पायलट जेट दिसेल. गाडी चोकवर चालते आणि चोक सोडला की बंद पडते, तेव्हा गुन्हेगार हा पायलट जेट. त्याचं भोक इतकं बारीक असतं की उजेडाकडे धरल्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसायला हवा. दिसला नाही तर सुई घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिणार. लवचिक वायर सोलून तिच्यातली तांब्याची एकच तार काढा, ती हळूच आरपार सरकवा, मग कार्ब क्लीनरचा फवारा. ठिपका उजळला की मला अजूनही दर वेळी आनंद होतो.

टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट, घरी बसवता येते. इंजिन थंडगार हवं. वरच्या दोन गोल टोप्या काढायच्या, फ्लायव्हीलवरची (इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक) 'टी' खूण केसिंगवरच्या खुणेसमोर आणायची, दोन्ही रॉकर किंचित हलताहेत ना ते पाहायचं. हलत नसतील तर अजून एक फेरी फिरवायची. मग ०.०५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रू बसवायचा. पट्टी ओढताना हलकी अडखळली पाहिजे, अडकली नाही पाहिजे. मशीन सकाळी चालू व्हायला कुरकुरत असेल तर हे काम पुढे ढकलू नका. घट्ट टॅपेटवर चालवत राहिलं की व्हॉल्व्ह जळतो.

ऑइल मोटरसायकलचंच घाला, डब्यावर जासो एमए (ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो सरकू लागतो. लागतं लिटरच्या आत, आणि कागदी फिल्टर नसल्याने ते लवकर काळं होतं. हंगामात मी महिन्याला बदलतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची काडी) पुसून नुसती टेकवून पातळी पाहायची, आटे फिरवून नाही. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पेट्रोलमध्ये नको, त्याने त्याचा चिकट जोड सुटतो. पूर्ण वाळला की ऑइलचे थोडे थेंब घालून पिळून घ्या. कोरडा स्पंज वाळू अडवत नाही. वाळू आत गेली की सिलिंडरला ओरखडे, मग धूर, मग बोअरिंगसाठी वर्कशॉप. ते काम घरचं नाही.

आणि आता खरं दुखणं. मागच्या दोन्ही चाकांना एकच आडवा एक्सेल असतो आणि तो दोन बेअरिंगवर फिरतो. किनाऱ्यावरच्या मशीनचं मरण इथे लिहिलेलं आहे. मागची बाजू ठोकळ्यावर उचला, चाक वर-खाली धरून हलवा. टक्-टक् लागलं की बेअरिंग गेलं. घाबरायचं कारण नाही, बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो वाचून अलिबागच्या कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात जा. फक्त दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच मागा. बसवताना बाहेरच्या कड्यावर ठोकायचं, आतल्या कड्यावर ठोकलं तर नवंच बेअरिंग बसवतानाच मरतं. एक्सेलवरच्या जोड-नटांवरही लक्ष ठेवा, ते एकमेकांवर आवळलेले असतात आणि सैल होतात.

चेन बहुधा ४२० असते. आपल्याकडच्या मोटरसायकलींना साधारण ४२८ असते. दोन्हींच्या कड्यांमधलं अंतर अर्धा इंचच, त्यामुळे दुकानदार म्हणतो, "दादा, बसेल की." बसत नाही. रोलरची जाडी वेगळी आहे, दातांवर नीट बसत नाही आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) खाते. शिवाय वाळूत चालणाऱ्या चेनला ऑइल चोपडू नका. ऑइल आणि वाळू एकत्र आली की पॉलिश पेपरसारखं काम करतात. धुवायची, वाळवायची, पातळ वॅक्सचा हात द्यायचा.

टायरसाठी पेट्रोल पंपावर जाऊ नका. यांना साधारण ५ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास हवा लागते. नेमका आकडा टायरच्या बाजूला छापलेला असतो, तो पाहा. पंपावरच्या गेजला एवढी कमी हवा नीट दिसतच नाही, आणि जोराने भरली तर टायर फुटू शकतो. सायकलचा हातपंप आणि कमी दाबाचा गेज पुरतो. मागच्या दोन टायरांत हवा कमी-जास्त असली की मशीन एका बाजूला ओढतं, आणि लोक विनाकारण स्टिअरिंग खोलत बसतात.

या सगळ्याचं मूळ मात्र दुरुस्तीत नाही. किनाऱ्यावरून आल्यावर त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने धुणं, यावर सगळं अवलंबून आहे. उद्या नाही, त्याच संध्याकाळी. प्रेशर पंपाने नाही, बेअरिंगच्या सीलमधून पाणी आत जातं. साध्या नळीने, खालच्या बाजूने. मग दहा मिनिटं चालवून गरम करायचं म्हणजे कोपऱ्यातलं पाणी उडतं. वायरिंगचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) सोडून कोरडे करायचे आणि आत डायलेक्ट्रिक ग्रीसचा (पाणी अडवणारं, वीज न वाहणारं ग्रीस) ठिपका. लाटांत मशीन घालणं आमच्याकडे बंदच आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळासकडे जाणार असाल तर तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, हंगामात वरच्या कोरड्या वाळूवर चाक नेऊ नका.

पावसाळ्याआधी कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला चार्ज करा, चाकं ठोकळ्यावर उचला. प्लास्टिकच्या ताडपत्रीने झाकू नका, आत दमट होऊन सगळं गंजतं, जुनी चादर बरी. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करते. गणपतीनंतर चालू करताना ते फडकं काढायचं.

घरी करू नये असं आणखी एक ठामपणे सांगतो: ब्रेकचा जुगाड. शू झिजले की नवे, केबल उसवली की नवी, तिथे पैसे वाचवायचे नाहीत. आणि मुलांच्या हाती द्यायची असेल तर थ्रॉटलच्या पेटीवर वेग अडवणारा स्क्रू असतो, तो आत घ्या. दोरीचा किल-स्विच मोठ्या माणसाच्या हातात असू द्या. हेल्मेटशिवाय आमच्या वाडीत कोणी बसत नाही, पाहुणा कितीही जवळचा असो.

जुनी घेत असाल तर इंजिनाचा आवाज ऐकत बसण्याआधी खाली वाकून फ्रेमचे वेल्डिंगचे जोड पाहा, मागचं चाक हलवून पाहा, आणि एखादा कपलर उघडून आत हिरवं झालंय का ते पाहा. तिन्ही ठीक असतील तर कार्बोरेटर बिघडलेली गाडीही घ्यायला हरकत नाही, उलट थोडी स्वस्तात मिळेल. बेअरिंगचा नंबर वाचता आला नाही तर फोटो काढून पाठवा, मी दुकानात विचारून कळवतो.