कड्याच्या पोटातून

नोव्हेंबरात जपानच्या फुजी पर्वताच्या पश्चिम अंगाला फोटोग्राफी टूर निघते, तेव्हा लोक पैसे भरतात ते एका फोटोसाठी: तानुकी तलावात उलटा पडलेला फुजी. ब्रोशरवर तोच, ग्रुपच्या डीपीवरही तोच. मी या टूरबरोबर जाते ती कॅमेऱ्याचं शिकवायला. पण आभाळ भरून आलं की जाब मलाच विचारला जातो. त्या दिवशी पहाटे तलावावर पोचलो तर समोरचा काठसुद्धा दिसेना. वर भुरभुर पाऊस. "मॅडम, फुजी नक्की कुठल्या बाजूला?" असं एका ताईंनी विचारलं. मी हात केला, आणि सगळ्यांनी त्या दिशेचं धुकं भक्तिभावानं बघून घेतलं.

टूर मॅनेजरचं म्हणणं, अजून तास-दोन तास थांबू. मला ते पटेना. फुजीसाठी वाईट असलेलं आभाळ धबधब्यासाठी उत्तम असतं. उन्हात पाणी पांढरंफटक होऊन त्यातला तपशील उडतो आणि खडक काळाठिक्कर पडतो. ढगाळ उजेडात दोन्ही एका फ्रेममध्ये मावतात, शिवाय ओल्या पानांना रंग चढतो. शिराइतोचा धबधबा तिथून बसने जवळच आहे. निघालो.

वाटेत एका कॉन्बिनीसमोर, म्हणजे सटरफटर सगळं मिळणाऱ्या छोट्या दुकानासमोर, बस थांबवून सगळ्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या छत्र्या घ्यायला लावल्या. जपानमध्ये कुठल्याही कोपऱ्यावर मिळणारी ही स्वस्त छत्री मला महागड्या रेनकव्हरपेक्षा बरी वाटते. कॅमेऱ्यावर धरली तरी उजेड अडत नाही आणि छत्रीखालून फ्रेम नीट दिसते. बसमध्येच आणखी एक तंबी दिली: धबधब्यासमोरच्या पुलावर ट्रायपॉड पसरायचा नाही, पाय मिटून कडेला उभं राहायचं. 2024च्या मे महिन्यात फुजीकावागुचिको गावानं एका दुकानामागे दिसणारा फुजी झाकायला रस्त्याकडेला काळी जाळी लावली होती, ती फोटोसाठी रस्त्यात घुसणाऱ्या पर्यटकांना कंटाळून. परगावी आपलं नाव त्या यादीत नको.

शिराइतो उंचीनं फार नाही, 20 मीटर. पण रुंदी 150 मीटरच्या आसपास, आणि कडा अर्धवर्तुळात वळलेला. खाली उतरून पुलावर आलं की पाणी तिन्ही बाजूंनी दिसतं. फुजी 2013 साली जागतिक वारसा झाला तेव्हा हा धबधबाही त्या यादीत गेला, त्यामुळे गर्दी असतेच. पावसानं त्या दिवशी ती निम्मी केली होती.

सगळ्यांनी सगळा देखावा मावणाऱ्या वाइड अँगल लेन्स लावल्या आणि धबधब्याचे ठरलेले फोटो सुरू झाले. मी फिरत होते. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर काळ्या खडकाला भुलतो आणि पाणी जाळतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली आणा, फोटो जरा गडद येऊ द्या. पोलरायझर फिल्टर फिरवून ओल्या दगडावरची चमक मारा. उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरची आज गरजच नाही. पोलरायझर, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100 आणि एफ 11 (लेन्सचं बारीक छिद्र) एवढ्यावरच दरीतल्या उजेडात शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास जातं. तरी दोघा-तिघांनी एनडी लावून आठ-दहा सेकंदांचे फोटो काढलेच. पाण्याचं दूध करायची ही हौस मला कधी कळली नाही. कुठलाही धबधबा घ्या, दहा सेकंदांनंतर तो सारखाच दिसतो.

एक काका मात्र पुलावर नव्हतेच. ते खाली काठाशी उभे राहून लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स लावून कड्याच्या मधल्याच भागाचे फोटो घेत होते. भूजल खात्यात नोकरी झालेली, मूळचे कराडकडचे, बोलणं मोजकं. सुरुवातीपासून मी त्यांना "हौशी" या खात्यात टाकलं होतं. जवळ जाऊन स्क्रीन पाहिला तर धबधब्याचा माथा नाही, पायथा नाही. नुसता खडकाचा एक आडवा पट्टा आणि त्यातून निघणारे धागे.

"काका, वरचं थोडं घ्या ना, मोकळं वाटेल."

"वर काय घ्यायचं ताई? वर पाणी कुठाय?"

मी वर बघितलं. इथं मी आधीही आले होते, पण असं बघितलं नव्हतं. कड्याच्या माथ्यावर झाडं, त्याखाली बराच खडक, आणि मग मध्येच एका ओळीत शेकडो बारीक धारा सुरू होत होत्या. माथ्यावरून उडी घेणारं पाणी फक्त मधल्या भागात.

"तो मधला तेवढा नदीचा," काका म्हणाले. "बाकी सगळं झिरपलेलं. वरचा थर बघा, फुजीचा नवा लाव्हा. भेगाळ आहे, पाणी आत घेतो. खालचा जुन्या फुजीचा चिखलाचा लोंढा, घट्ट बसलेला. तो पाणी पुढं जाऊ देत नाही. मग जाणार कुठं? दोन थरांच्या सांध्यातून बाहेर."

मग त्यांनी सह्याद्रीचं सांगितलं. आपल्याकडेही बेसॉल्टच आहे, थरावर थर. दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, आणि कित्येक झरे नेमके तिथंच फुटतात. पण आपले मोठे धबधबे म्हणजे पठारावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी, म्हणून दिवाळीनंतर आटत जातात. इथं फुजीवर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ आत मुरून, डोंगराच्या पोटातून वाट काढत येतं. म्हणून बारा महिने धार, आणि पाणी उन्हाळ्या-हिवाळ्यात 12 अंशांच्या आसपासच. "हात घालून बघा," म्हणाले. हवेपेक्षा पाणी फार गार नव्हतं.

मी पुलावर गेले आणि सगळ्यांना लेन्स बदलायला लावल्या. कुरकुर झाली. पावसात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर थेंब, हे मीच दोन दिवस घोकवलं होतं. छत्रीखाली एकमेकांना धरायला सांगितलं. मग एकच काम दिलं: ती ओळ शोधा. फ्रेमचा वरचा तिसरा भाग कोरडा खडक, तिथून पाणी सुरू.

टेलिफोटोमध्ये सगळं जवळ येतं तशी पाण्याची हालचालही मोठी होते, त्यामुळे वाइडला चाललेलं अर्ध्या सेकंदाचं शटर इथं चालत नाही. धागे एकमेकांत मिसळून पडदा होतो. आम्ही आयएसओ वाढवत एक अष्टमांश, एक पंधरांश सेकंदापर्यंत गेलो, तेव्हा कुठे एकेक धार सुटी दिसायला लागली. एका धारेपाशी मेपलची लाल फांदी आडवी आली होती, आणि धबधब्याच्या स्वतःच्या वाऱ्यानं ती सतत हलत होती. एका ताईंनी तिच्यापायी अर्धा तास घालवला. शेवटी दोन फ्रेम घेतल्या, एक पाण्यासाठी सावकाश, एक पानांसाठी वेगात, संगणकावर जोडायच्या. याला फसवणूक म्हणणारे लोक आहेत. माझं मत, फांदी तिथं होती आणि पाणीही तिथंच होतं.

तुषारांचा त्रास शेवटपर्यंत. दर फोटोआधी टोपण काढा, क्लिक करा, टोपण लावा, कापड फिरवा. बोटं गारठली तेव्हा खिशातल्या काइरोच्या गरम पुड्या निघाल्या; एकीनं पुडी रबरबँडनं लेन्सभोवतीच बांधली. लेन्स जराशी कोमट राहिली की काचेवर दव धरत नाही. त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, तारे टिपणाऱ्या भाच्यानं.

तिथून पायी काही मिनिटांवर ओतोदोमेचा धबधबा आहे. तो अगदी उलट स्वभावाचा: 25 मीटरवरून सगळी नदी एका लोंढ्यात कोसळते. दंतकथा अशी की 1193 साली सोगा भावंडं बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा बेत इथं आखत होती आणि आवाजानं एकमेकांचं ऐकू येईना. त्यांनी वैतागून प्रार्थना केली आणि त्यांचं बोलणं होईतो धबधबा गप्प झाला. आमच्यासाठी काही तो गप्प झाला नाही. मी घसा ताणून शटर सांगत होते, लोक कानाला हात लावत होते. शेवटी बोटांनी आकडे दाखवले. इथं मात्र सावकाश शटर मी कुणालाच लावू दिलं नाही. एवढ्या वजनाच्या पाण्याचं दूध केलं तर वजनच जातं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवलं, तेव्हा लोंढ्यातले तुटणारे गठ्ठे दिसले.

परतताना बसचा हीटर फुल्ल होता. बॅगा उघडू नका म्हणून ओरडावं लागलं. गार कॅमेरा उबदार दमट हवेत काढला की लेन्स आतूनसुद्धा धुरकटते. फुजिनोमिया गावात गरम याकिसोबा, म्हणजे परतलेल्या नूडल्स, खाऊन होईपर्यंत कॅमेरे बंद बॅगेतच राहिले.

संध्याकाळी हॉटेलवर सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावले. ओळ सगळ्यांना सापडली होती, पण ती फ्रेममध्ये कुठे ठेवायची यावरून वाद लागला. काकांचं म्हणणं मधोमध, कारण थर तसेच आहेत. बाकीच्यांना ते चुकीचं वाटत होतं, आणि मला काकांचीच फ्रेम आवडत होती. तेवढ्यात ऑफिसमधून मेसेज आला: ब्रोशरसाठी आजचा फुजी पाठवा. मी त्या आडव्या पट्ट्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "सुंदर! पण यात फुजी कुठे?" मी तो मेसेज काकांना दाखवला. ते म्हणाले, "लिहा, मागच्या बाजूला आहे," आणि पुन्हा मधोमधवर आले.